पार्किंगमध्ये पाणी शिरलं की ढगफुटी?

गच्चीवरचा: काल एकाने टाकलं, 'आमच्या सोसायटीवर ढगफुटी! पंधरा मिनिटांत पोटरीभर पाणी.' खाली दोनशे जण हळहळले. मी त्याच गल्लीत राहतो. माझ्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकात २२ मिमी होता. वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिमी पडला तर ती ढगफुटी. इथे पाणी आलं ते नाला बुजवून पार्किंग बांधलं म्हणून. पण ढगफुटी म्हटलं की बिल्डर सुटला, महापालिका सुटली, सगळा दोष ढगाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, त्याला मग काय म्हणायचं?

उगाचच: मग 'मान्सून आला' म्हणणंही सोडा. मान्सून म्हणजे वारे, पाऊस नव्हे. घरी 'लाईट गेली'च म्हणता ना? बंद पडलेला असतो फ्रीज, तरी गेलेली लाईटच असते. भाषा वेधशाळेला विचारून चालत नाही.

गच्चीवरचा: 'लाईट गेली' म्हटल्याने कुणी हात झटकून मोकळा होत नाही. एवढंही कळत नसेल तर राहू द्या.

निवृत्त_मास्तर: माझं दुखणं वेगळं. हल्ली मे महिन्यातल्या वळवालाही 'अवकाळी' म्हणतात. अहो, तो त्याच्या वेळेलाच येतो! एका सरीत नांगरटीची ढेकळं विरघळायची. नातवाला विचारलं वळीव म्हणजे काय, तर म्हणाला, आडनाव आहे का?

सोयाबीनवाली: व्याख्येचं एवढं कौतुक बघून हसू आलं. भरपाईसाठी अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी, बरोबर? आमच्या मंडळाचं मापक अकरा किलोमीटरवर. तिथे ६१ भरला. इकडे बांध फुटला, सोयाबीन शेंगांसकट ओढ्यात. तलाठी म्हणतात, "ताई, पाऊस बसत नाही." पाऊस बसत नाही! चार मिमीने मेलो आम्ही. तुमचा शब्द काटेकोर होता म्हणून.

उगाचच: घ्या, गच्चीवाले.

गच्चीवरचा: ६५ नसला तरी ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर पंचनामा करता येतो. नियम आहे.

सोयाबीनवाली: नियम पाठ आहे हो मला. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. "पीक कुठंय?" म्हणे. ओढ्याला विचारा म्हटलं.

गच्चीवरचा: मग चूक मापक लांब ठेवणाऱ्याची. शब्दाची कशी?

सोयाबीनवाली: तुमच्या गच्चीवर मापक आहे. माझ्या अंगणात घमेलं होतं, रिकामं ठेवलेलं, सकाळी काठोकाठ. घमेल्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही. मी ढगफुटीच म्हणणार. 'जोराचा पाऊस' म्हटलं तर बातमीवालासुद्धा फिरकत नाही.

गच्चीवरचा: बरं बाई, तुमच्यापुरती ढगफुटी. पार्किंगवाल्याला मात्र नाही म्हणजे नाही.

निवृत्त_मास्तर: वळवाबद्दल कुणीच बोललं नाही.

उगाचच: मास्तर, बोललो असतो, पण इकडे आत्ता अवकाळी सुरू झालाय. लाईट गेलीय आणि मोबाइल ४ टक्क्यांवर.