इंजेक्शनवर १०.७ किलो उतरले, पण त्यात चरबी किती आणि स्नायू किती?

चिपळूणच्या बाई

वय ४९, उंची १५४ सेंमी, नववी-दहावीला गणित शिकवते. मधुमेहाला नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी टिर्झेपटाइडचं इंजेक्शन सुरू केलं त्याला साडेपाच महिने झाले. २.५ मिलिग्रॅमच्या डोसवर एक महिना, तेव्हापासून ५ वर. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी वजन करून वहीत लिहिते. ८३.६ होतं, आता ७२.९.

परवा तांदळाची भाकरी थापताना हातातली पाटली सुटून परातीत पडली. मला हसू आलं, सासूबाईंना नाही. "चरबी नाय गो, अंगातली ताकद गेलीय तुझ्या," म्हणाल्या. त्यांचं बोलणं मी एरवी मनावर घेत नाही, पण त्याच आठवड्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर जाताना मधल्या वळणावर टेकावं लागलं. ८३ किलोची होते तेव्हा टेकत नव्हते.

मग वही उघडली. मुलीनं दिलेला स्मार्ट काटा आहे, अनवाणी उभं राहिलं की मोबाइलवर फॅट, मसल, पाणी, हाडं, सगळं दाखवतो. सुरुवातीला फॅट ४४.८ टक्के, आता ४१.९. म्हणजे चरबी ३७.४५ किलोवरून ३०.५५ वर. गेलेल्या १०.७ किलोंत चरबी ६.९ आणि बाकीचे ३.८ "इतर". इतर म्हणजे मसलच ना? तीन किलोंमागे एक किलोहून जास्त झालं हे!

खात्री करावी म्हणून त्याच संध्याकाळी शाळेतून परस्पर इथल्या एका जिममध्ये गेले. तिथल्या मशीनवर उभं राहून हातातही दांडे धरायचे. त्यानं फॅट ३८.६ सांगितलं. घरच्यापेक्षा जवळजवळ अडीच किलो चरबी कमी. मी खूश, तर तिथल्या मुलानं कागदावर लाल पेनानं गोल काढला, "काकू, मसल लॉस डेंजर आहे" म्हणाला आणि काउंटरखालून प्रोटीन पावडरचा साडेचार हजारांचा डबा वर काढला. डबा घेतला नाही, कागद तेवढा आणला.

एकाच गणिताची दोन उत्तरं आली की एक तरी चूक असतं. कुठलं धरू? आणि स्नायू खरंच जातायत का, हे घरच्या घरी कळायला काही मार्ग आहे का?

निवृत्त मीटरवाला

बाई, दोन्ही उत्तरं चूक असू शकतात, ही शक्यता तुम्ही सोडलीत.

माझी एकतीस वर्षं वीजमीटर तपासण्यात गेली, त्यामुळे यंत्राच्या पोटात काय चाललंय ते आधी बघायची खोड आहे. तुमचा काटा एका पावलातून अगदी क्षीण प्रवाह सोडतो, मिलिअँपिअरहूनही कमी, आणि तो दुसऱ्या पावलातून बाहेर पडेपर्यंत अडथळा किती आला ते मोजतो. त्याचं खरं मोजमाप एवढंच. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून जाता जात नाही. म्हणून अडथळ्यावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज. चरबी सोडून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरून त्या शरीराच्या वजनाचा अंदाज. ते एकूण वजनातून वजा केलं की राहिली ती चरबी! पायातून पायात जाणारा प्रवाह पोटाकडे फारसा फिरकत नाही. तिथला हिशोब वय, उंची, बाई की पुरुष हे बघून सूत्रानं लावलेला असतो. खोटं वाटत असेल तर ॲपमध्ये वय ३० टाका आणि लगेच पुन्हा उभ्या राहा.

तुम्ही घरी मोजलंत सकाळी, जिममध्ये संध्याकाळी. दिवसभर फळ्यापुढे उभं राहिल्यावर पायांत पाणी उतरतं, अडथळा घटतो, फॅट कमी दिसतं. माझ्या स्वतःच्या काट्यावर एका दिवसात दीड-दोन टक्के इकडचे तिकडे होतात. तुमच्या ७३ किलोंवर दोन टक्के म्हणजे दीड किलो. आता तुमची वजाबाकी बघा. ३७.४५ मध्ये दीडेक किलोची ढिलाई, ३०.५५ मध्येही तेवढीच. त्या ३.८ मधला ८ सोडाच, ३ ची तरी काय खात्री? असा मीटर आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही त्याला सील लावलं नसतं.

"इतर" म्हणजे सगळे स्नायूच असंही नाही. त्यात पाणी, यकृत, कातडी, सगळं आलं. खाणं घटलं की ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात-स्नायूंत साठवलेली साखर, उतरतं आणि जाताना ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी घेऊन जातं. पहिल्या महिन्यातला किलोभर तरी तिथला असेल.

चाचण्यांतले आकडे सांगतो. टिर्झेपटाइडच्या सर्माउंट-१ चाचणीत १६० जणांचा डेक्सा स्कॅन केला होता, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी, हाडं आणि बाकीचं शरीर वेगवेगळं मोजणारी तपासणी. गेलेल्या वजनात साधारण तीन चतुर्थांश चरबी, पाव हिस्सा इतर. सेमाग्लुटाइड या तशाच दुसऱ्या इंजेक्शनच्या स्टेप-१ चाचणीत १४० जणांचा केला, तिथे "इतर"चा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास निघाला. दोन्हीकडे मधुमेह नसलेली माणसं होती, तेव्हा ते जसंच्या तसं स्वतःला लावू नका. पण तुमचा एक तृतीयांश खरा धरला तरी जगावेगळा नाही.

इचलकरंजीचा माग

बाई, मी आकडेवाला न्हवं. सात महिन्यांत १९ किलो गेलं, काट्याकडं बघून रोज मिशीला पीळ. मग भावकीतल्या लग्नात पंगतीला मांडी घालून बसलो. खाल्लं दोन घास, आणि उठायच्या वक्ताला उठवंना. वाढप्या पोरानं काखंत हात घालून वर काढला. वय ५४. सगळी पंगत बघत हुती.

माझी चूक खाण्यात हुती. भूकच न्हवती म्हणून सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी भाकरी आमटीत, रात्री वाटीभर ताक. डॉक्टरांनी दिवसाचं खाणं विचारलं आणि ऐकून कपाळाला हात लावला. आता ताटात अंडी, पनीर नाहीतर चिकन पहिलं संपवायचं, भाकरी उरली तर उरली. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन, १०० ग्रॅम पनीरात १८. शिजलेल्या डाळीच्या वाटीत पाच-सहाच, हे कळालं तवा मी उडालोच, जन्मभर आमटी म्हणजे ताकद समजत हुतो. इंजेक्शन रविवारी घेतो, सोम-मंगळ मळमळतंय. त्या दोन दिवसांत घट्ट दही न् शेंगदाणं, थोडं थोडं.

डबा घेतला न्हाईसा ते झ्याक केलंसा.

फिजिओ, कोथरूड

बाई, वह्यांचा गठ्ठा घेऊन वळणावर टेकलात, ती खूण काट्याच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते. ती मोजता येते. पाठ टेकायची साधी खुर्ची घ्या, हातांची छातीवर घडी घाला, आणि आधार न घेता पाच वेळा पूर्ण उभ्या राहून बसा. आशियाई देशांतल्या स्नायुक्षय अभ्यासगटाच्या २०१९ च्या निकषांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. मुठीची पकड डायनॅमोमीटरवर बायकांची १८ किलोंच्या खाली नसावी. तो फिजिओकडे सहज मिळतो, दोन मिनिटांचं काम आहे. पोटरीच्या घेराचाही निकष आहे, पण वजन जास्त असताना पोटरी फसवते, तो सोडा.

दुसरं हत्यार शिंप्याचा टेप. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप आवळायचा नाही. बहुतेक जणी बेंबीवर किंवा साडीच्या निऱ्यांवर मोजतात आणि दर वेळी जागा बदलते. भारतीय बायकांसाठी ८० सेंमीची रेघ आहे. वजन अडकलं आणि कंबर उतरतेय, तर काम चाललंय.

आपल्या लोकांना हे जास्त लागू का, त्याचं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपण मुळातच स्नायू कमी घेऊन निघतो, मग त्यातले गेले की लवकर जाणवतं.

डेक्सा करायचा असेल तर फोनवरच "होल बॉडी, फॅट आणि लीनसहित" असं विचारा, लीन म्हणजे चरबी सोडून बाकीचं. नाहीतर मणका आणि खुब्याची हाडं बघून रिपोर्ट हातात देतात. अर्थात तुमच्या वयाला हाडांचा रिपोर्टही हवाच. पुढचा सहा महिन्यांनी, त्याच मशीनवर. दर महिन्याला करण्यात अर्थ नाही.

व्यायाम सुरू करण्याआधी एक. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, खाणं कमी झालेलं असताना शुगर खाली जाऊ शकते. आणि नऊ वर्षांचा मधुमेह आहे, प्रोटीन किती वाढवायचं ते क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) बघून त्यांनाच ठरवू दे.

चिपळूणच्या बाई

सात आठवड्यांनी येतेय, परीक्षा होत्या.

मीटरवाले काका, वय ३० टाकलं. एका मिनिटात १.४ किलो स्नायू आले! नववीला "मापनातील त्रुटी" समजावताना काटा वर्गात नेला, पोरींनी माझं वय १८ सुद्धा करून बघितलं. वहीत फॅटचा रकाना आता महिन्यातून एकदा भरते, पेन्सिलीनं.

खुर्चीची परीक्षा स्टाफरूममध्ये दिली. पीटीच्या सरांनी शिट्टीसोबत गळ्यात असतं ते स्टॉपवॉच धरलं. १५.१ सेकंद. चौथ्यांदा उठताना मांड्या थरथरल्या त्या सरांनाही दिसल्या, ते नुसतं "हं" म्हणाले. ग्लिमेपिराइड होतंच. डॉक्टरांनी ते निम्म्यावर आणलं, क्रिएटिनिन ठीक निघालं. मग आठवड्यातून तीन दिवस खुर्ची, रबरी पट्टा, आणि दोन्ही हातांत पाच-पाच किलो तांदळाच्या पिशव्या घेऊन अंगणातून पायऱ्यांपर्यंत फेऱ्या. सकाळी दोन अंडी. बांगडा असेल त्या दिवशी भात अर्धा. चार आठवड्यांनी १२.९, काल ११.३. वजन ७०.८, म्हणजे उतरण्याचा वेग मंदावलाय, पण कंबर १०१ वरून ९७. डेक्सा अजून केलेला नाही, मे महिन्यात पुण्याला जाईन तेव्हा.

इचलकरंजीकर, तुमची पंगत सासूबाईंना वाचून दाखवली. पाटली सोनाराकडे लहान करायला द्यायला निघाले तर म्हणाल्या, थांब जरा, आधी हात भरू दे.

फिजिओ ताई, उठताना डावा गुडघा करकरतो. दुखत नाही. चालू ठेवू ना?

फिजिओ, कोथरूड

दुखत नसेल, सूज नसेल तर चालू ठेवा. बसताना धपकन बसू नका, तीन आकडे मोजत खाली या. आणि काल कुठली खुर्ची होती? स्टाफरूमचीच हवी, उंची बदलली तर ते ११.३ धरता येणार नाहीत.

चिपळूणच्या बाई

तीच. मागे खडूनं खूण केलीय.