एकट्याने थायलंड : आधी कार्डांचं बघा

चार सहली मित्रांसोबत झाल्यात, आता एकट्याने थायलंड, तर हॉटेलच्या आधी पैशांचं बघा. ग्रुपमध्ये एकाचं कार्ड अडलं की दुसऱ्याचं चालतं, इथे ती सोय नाही. दोन वेगळ्या बँकांची कार्डं घ्या. एक पाकिटात, एक सॅकच्या तळाशी. परदेशी व्यवहार ॲपमधून निघण्याआधीच चालू करा. ओटीपी भारतातल्या नंबरवरच येणार, म्हणून रोमिंग हवंच. नेटसाठी ई-सिम वेगळं. तिथलं एटीएम दर खेपेला 200 बाटांहून जास्त शुल्क कापतं, तेव्हा हजार-हजार काढत बसू नका. स्क्रीनवर रुपयांत रक्कम दाखवून ‘कन्व्हर्जन’ विचारलं की नाकारा, तो दर महागच पडतो. टीडीएसी, म्हणजे थायलंडच्या डिजिटल अरायव्हल कार्डाचा फॉर्म, पोहोचण्याआधीच्या 3 दिवसांत ऑनलाइन भरायचा. तो फुकट असतो. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे.