'मदरसा', 'उर्दू शाळा' आणि 'धार्मिक शिक्षण'

प्रश्न (दापोली) : खाडीपलीकडे जिल्हा परिषदेची उर्दू शाळा आहे. परवा एसटीत एका काकांनी विचारलं, "त्या मदरशाला सरकार पैसे का देतं?" काका, ती शाळा आहे, एवढंच मला सुचलं. या शब्दांचे नेमके अर्थ काय?

उत्तर (राजापूर) : ताई, बरोबरच सांगितलंत. अरबीत 'दर्स' म्हणजे धडा, त्यावरून मदरसा. मूळ अर्थ निव्वळ शिकण्याची जागा. आपल्याकडे मुसलमान घरांत "पोरं मदरशात गेलीत" म्हणतात, म्हणजे कुराण वाचायला तास-दोन तास गेली. तीच पोरं मग दप्तर घेऊन शाळेत येतात. मी इतकी वर्षं त्यांना शिकवलंय. पेपरातला मदरसा मात्र बहुतेक वेळा निवासी असतो.

उर्दू शाळेत उर्दू हे माध्यम, अभ्यासक्रम बालभारतीचाच. चौथीचं पुस्तक उजवीकडून उघडतं आणि आत शिवाजी महाराज असतात. तिला धार्मिक शाळा म्हणणं हा त्या मुलांवर अन्याय आहे, आणि तो ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं.

उत्तर (सावंतवाडी) : 'धार्मिक शिक्षण' हा शब्द संविधानाच्या अनुच्छेद 28 मधला. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत ते देता येत नाही. अपवाद, एखाद्या दानपत्रानुसार स्थापन झालेल्या आणि सरकार चालवत असलेल्या संस्थेचा. अनुदानित शाळेत देता येतं, पण मुलाला बसवायचं तर पालकांची संमती हवी. इथे अर्थ धर्माची शिकवण, पूजापाठ, गोव्याकडची कोकणीतली 'दोतोर्न', म्हणजे ख्रिस्ती मुलांना दिली जाणारी धर्माची शिकवण. वेगवेगळ्या धर्मांची माहिती देणं यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केला. मराठीत दोन्हींना एकच शब्द वापरतो, तिथेच घोळ होतो. पहिल्याला 'धर्मोपदेश', दुसऱ्याला 'धर्मपरिचय' म्हणावं, असं मला वाटतं.

प्रश्न (दापोली) : मग मदरशांना मिळतं ते काय?

उत्तर (राजापूर) : राज्याची 2013 पासूनची योजना आहे, माजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाची. त्यात गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाला 'मानधन' मिळतं. पगार नव्हे, मानधन. हा शब्दही नीट वापरायला हवा. डी.एड. शिक्षकाचं ते ऑक्टोबर 2024 मध्ये 6 हजारांवरून 16 हजार करायचं ठरलं. काकांना पुढच्या फेरीत हे सांगा, आणि शक्य झालं तर चौथीचं ते पुस्तकही दाखवा.