दवाखान्यात तुम्ही काय सांगितलं, डॉक्टरांनी काय ऐकलं?

"किती दुखतंय, दहापैकी सांगा." आमच्या आजेसासूबाई म्हणाल्या, "बारा आणे." शिकाऊ डॉक्टरीणबाई पेन धरून तशीच! जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे असे अनुभव लिहा. डॉक्टरमंडळींनीही लिहावं, तुमचीही बाजू असेलच.

धुळ्याहून
वडिलांना शुगर आहे. लग्नाहून आले आणि "गॅस धरला" म्हणत बसून राहिले. डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतं का? नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. खोटं नव्हतं ते. त्यांच्या लेखी दुखणं म्हणजे कळ, आणि इथे नुसतं गच्च झालं होतं. "जीव घाबरस" एवढंच म्हणत होते. पित्ताची गोळी लिहूनही झाली. तेवढ्यात कंपाउंडरचा हात बंडीला लागला. कूलरसमोर बसलेला माणूस, आणि बंडी पिळून काढावी इतकी ओली. ईसीजी काढला, तर अटॅक. शुगरवाल्यांना छातीत कळ न येताही अटॅक येऊ शकतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

शहाद्याहून, डॉक्टर
मे महिन्यात "अंगात ताप आहे" म्हणणारे रोज येतात, थर्मामीटर 98.4 दाखवतो. "आतला ताप आहे, त्यात येत नाही," हे उत्तर ठरलेलं. हसण्यावारी नेत नाही मी. दिवसभर उन्हात राबून पाणी कमी पडलं की कणकण वाटतेच. पण म्हणून "ताकदीची सलाईन लावा"? साध्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ताकद कुठून येणार?
"हाडं दुखतात" म्हणणाऱ्या पावरा, भिल्ल पोरांना मात्र नुसती दुखण्याची गोळी देऊन पाठवू नये. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात हाडं दुखतात, म्हणून रक्त तपासायलाच हवं.

अमळनेरहून
डॉक्टरसाहेब, मीठपाणी मान्य. पण सलाईन चालू असते तोवर कुणीतरी येऊन विचारपूस तरी करतं. एरवी दोन मिनिटांत "नेक्स्ट"!

भुसावळ, मेडिकल दुकान
"पित्ताची गोळी द्या" म्हटलं की मी आधी विचारतो, छातीत, डोक्यात की अंगावर? कुणाला जळजळ, कुणाचं अर्धं डोकं, कुणाच्या अंगावर गांधी. औषधं तिन्हींची वेगळी.

चोपड्याहून
आईला चक्कर येते म्हणून महिनाभर बीपीच बघणं चाललं होतं. शेवटी एकाने विचारलं, डोळ्यापुढे अंधारी येते की घर फिरतं? घर फिरतं, तेही कूस बदलली की. कानातला दोष निघाला. त्यांनी कॉटवर मान वळवून तिला आडवं केलं, कुशीवर वळवलं, बसवलं. झालं. बरं वाटलं, पण फी दिली तशी आई चिडली, "औषध तर दिलंच नाही!"