विश्वास टिकवायचा तर प्रश्न टाळायचे की त्यांना भिडायचं?

द्राक्षवेल (धागाकर्ता):
राज्यव्यवस्था धर्मनिरपेक्ष असावी, यावर ख्रिस्ती माणसाचं भांडण नाही. झगडा आहे इहवादाशी: मोजता येतं तेवढंच खरं, आणि देव ही ज्याची त्याची खासगी आवड. हा विचार वाद घालून कुणाला हरवत नाही, तो रोजच्या बोलण्यातून, कामाच्या धबडग्यातून अंगवळणी पडतो. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात (2:8) प्रेषित पौल ‘पोकळ भुलथापां’पासून सावध करतो. त्याआधीच्याच वचनात ‘मुळावलेले’ हा शब्द आहे. म्हणून नव्या विश्वासणाऱ्यानं पहिली दोन वर्षं नास्तिकांची पुस्तकं आणि वादविवादाचे व्हिडिओ लांब ठेवावेत. आधी मूळ धरू द्या.

बिरुयाकर:
साफ असहमत. त्याच पौलानं अथेन्समध्ये अरीयपगावर बोलताना ग्रीक कवीची ओळ वापरली (प्रेषितांची कृत्ये 17:28). ते काव्य माहीत नसतं तर हे जमलं असतं का?

कुंपण घालून काय होतं त्याचं उदाहरण देतो. मार्कच्या शुभवर्तमानातली शेवटची, 16:9-20 ही बारा वचनं सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत. अनेक बायबलांत तशी तळटीपही असते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे कुणी सांगत नाही. मग तरुण ते एखाद्या टीकाकाराकडून ऐकतो आणि त्याला वाटतं, आपल्यापासून लपवलं. तडा जातो तो या लपवालपवीमुळे. हेच बायबल वर्गात कळलं असतं, तर पुढचंही कळलं असतं: पुनरुत्थानाची, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्याची, साक्ष त्या बारा वचनांवर उभी नाही. पौलाच्या पत्रात, 1 करिंथ 15:3-8 मध्ये, ती आहे, आणि ते पत्र साधारण इ.स. 55 च्या सुमाराचं.

द्राक्षवेल:
मुद्दा मान्य, पण हे वर्गात शिकवणारा तयार हवा. अर्धवट माहितीचा शिक्षक जास्त नुकसान करतो.

मोहरीचा दाणा:
तुम्ही दोघं वाचनावरच अडलात, म्हणून आधी वाचनाचंच सांगते. वर्षात अख्खं बायबल म्हणजे 1189 अध्याय, रोज तीनाहून जास्त. उत्पत्तीपासून निघालेले बहुतेक जण लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात, मागे पडतात, अपराधी वाटून सोडून देतात. त्यापेक्षा मार्क घ्या: 16 अध्याय, रोज एक. संपला की पुन्हा पहिल्यापासून. सोबत एक स्तोत्र, मोठ्यानं. वहीत प्रश्न लिहा आणि पुढे खूण करा, प्रश्न मजकुराचा आहे, इतिहासाचा की दुःखाचा. पहिल्या दोन्हींना अभ्यास लागतो. तिसऱ्याला युक्तिवाद देऊ नका. मूल गमावलेल्या आईला ‘देवाची योजना’ समजावणं हा क्रूरपणा आहे. तिच्याबरोबर 88वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. प्रश्न इहवादाचा वाटतो तेव्हाही कितीदा खाली दुःखच असतं.

तर्कनिष्ठ:
मी विश्वास ठेवणारा नाही. ‘दृढ राहायचं’ हे आधीच ठरवलं की अभ्यास नावालाच उरतो. निष्कर्ष ठरलेला, मग पुरावा कशाला तपासायचा?

बिरुयाकर:
आक्षेप रास्त आहे, आणि काही मंडळ्यांना तो नेमका लागू पडतो. पण 1 करिंथ 15:14 वाचा: ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ. आपला दावा कुठे कोसळू शकतो ते पौल स्वतःच दाखवतो. दृढ राहणं म्हणजे तपासाला नकार नव्हे. प्रत्येक नव्या आक्षेपासरशी प्रार्थना आणि संगती सोडायची नाही, एवढंच. लग्नातली निष्ठाही रोज सकाळी नव्यानं सिद्ध करावी लागत नाही.

तर्कनिष्ठ:
लग्नातला जोडीदार समोर दिसतो. इथे तेच तर वादात आहे.

मोहरीचा दाणा:
बरोबर, म्हणूनच ती उपमा मला अपुरी वाटते. येशूचा शिष्य थोमा यानंही उठलेला येशू डोळ्यांनी दिसावा, हेच मागितलं होतं, आणि शंका असतानाही आठ दिवसांनी तो शिष्यांबरोबर त्याच घरात होता (योहान 20:26). कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं. यहूदाच्या पत्रातलं 22वं वचनही संशयात असलेल्यांवर दया करायला सांगतं. द्राक्षवेल, तुमची दोन वर्षं ठेवायची तर ठेवा, पण त्या काळात प्रश्न विचारायला दर आठवड्याला तासभर जागा द्या, आणि उत्तर येत नसेल तर ‘पुढच्या आठवड्यात पाहून सांगतो’ म्हणणारा माणूस तिथे बसवा.

द्राक्षवेल:
तासभर मान्य. व्हिडिओंवर मात्र मी ठाम आहे.