क्ष-किरण पार्श्वभूमीत दूरच्या दीर्घिकांचा वाटा: फलकावर काय छापायचं?

अजिंक्यतारा:
साताऱ्यात विज्ञान दिनाला लावायच्या फलकांचा मसुदा ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय, 'आकाशभर पसरलेला क्ष-किरणांचा उजेड दूरच्या दीर्घिकांतल्या ताऱ्यांचा आहे, हे चंद्रा दुर्बिणीने सिद्ध केले.' कृपा करून हे छापू नका. १९६२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जियाकोनींच्या रॉकेटला दिसलेली ही पार्श्वभूमी मुख्यतः सक्रिय दीर्घिकांच्या मध्यावरच्या, भोवतालचा वायू गिळणाऱ्या कृष्णविवरांची आहे. साध्या दीर्घिकांतल्या क्ष-किरण जोडताऱ्यांचा (जोडीदार ताऱ्याचा वायू ओढणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा वा छोट्या कृष्णविवराचा) वाटा किरकोळ. आणि सिद्ध झालं ते कुठल्या ऊर्जेला? चंद्रा दुर्बिणीच्या पट्ट्यात, ८ केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) खाली, बराचसा उजेड स्रोतांत विभागता आला. पण पार्श्वभूमीची ऊर्जा शिगेला पोचते ती २०-३० केईव्हीला. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण टिपणाऱ्या नूस्टार दुर्बिणीने ८ ते २४ केईव्हीत सुटे केलेले स्रोत एकूण उजेडाच्या साधारण एक तृतीयांशच भरतात.

कृष्णाकाठ:
मसुदा माझा आहे, म्हणून उत्तर देतो. चंद्रा दुर्बिणीच्या दक्षिणेकडच्या डीप फील्डमध्ये, म्हणजे फार वेळ न्याहाळलेल्या आकाशाच्या एका छोट्या तुकड्यात, ७० लाख सेकंद, म्हणजे ८१ दिवसांचं निरीक्षण आहे. तिथे सर्वांत मंद टोकाला साध्या दीर्घिका संख्येत सक्रिय दीर्घिकांच्या पुढे जातात. हे का गाळता?

अजिंक्यतारा:
कारण संख्या म्हणजे उजेड नव्हे! या टोकाचे स्रोत इतके मंद आहेत की सगळ्यांची बेरीजही थोडकीच भरते. वर्णपटही बघा. पार्श्वभूमीचा घातांक (ऊर्जा वाढेल तसे फोटॉन किती झपाट्याने घटतात ते) १.४, उघड्या सक्रिय दीर्घिकांचा १.९ च्या आसपास. ही तफावत भरून निघते ती धूळ-वायूआड झाकलेल्या कृष्णविवरांनी. खगोलशास्त्रज्ञ सेत्ती आणि वोल्त्येर यांनी १९८९ मध्येच ते मांडलं होतं.

माणदेशी:
दर वेळी चंद्रा आणि नूस्टार! आपला अ‍ॅस्ट्रोसॅट हा उपग्रह २०१५ ला वर गेला, आयुका ही खगोलसंस्था पुण्यात आहे. सांगली-साताऱ्याच्या पोरांना हे कोण सांगणार?

विश्रामबाग:
वेगळा फलक करा, मी मजकूर देतो. पण या कामाला तो उपग्रह चालत नाही. त्याच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीत एका बिंदूची प्रतिमा सुमारे २ आर्कमिनिटांची (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा), चंद्रा दुर्बिणीत अर्ध्या आर्कसेकंदाची. डीप फील्डमध्ये ४८४ चौरस आर्कमिनिटांत १००८ स्रोत सापडले. म्हणजे एसएक्सटीच्या एका ठिपक्यात सहा-सात स्रोत एकत्र लिंपले जाणार.

साध्या दीर्घिकांचा वाटा मोजायचाच असेल तर चंद्रा दुर्बिणीची विदा फुकट मिळते, स्टॅकिंग करा, म्हणजे एकेकट्या न दिसणाऱ्या अनेक दीर्घिकांच्या प्रतिमा एकावर एक रचून बेरीज घ्या. हबलच्या यादीतून दीर्घिकांच्या जागा घ्या. दुर्बिणीच्या अक्षापासून ६ आर्कमिनिटांच्या आतल्याच ठेवा, पलीकडे प्रतिमा पसरते. सापडलेले स्रोत मोठं वर्तुळ टाकून झाका, नाहीतर त्यांच्या कडांचे फोटॉन दीर्घिकांच्या नावावर जमा होतात. मग प्रत्येक जागी २ आर्कसेकंदांचं वर्तुळ, भोवतीच्या कड्यातून पार्श्वभूमी वजा, आणि बेरजेला एक्स्पोजर मॅपने (कुठे किती वेळ आणि किती क्षमतेने पाहिलं त्याच्या नकाशाने) भागा. शेवटी तितक्याच यादृच्छिक जागा घेऊन हेच हजारदा करा. सरासरी शून्याजवळ नाही आली तर सापडलेल्या स्रोतांवरचा मुखवटा अपुरा आहे.

कृष्णाकाठ:
कड्यातली पार्श्वभूमी वजा केली म्हणजे मोजायची तीच वस्तू फेकून दिली! हे कसलं मोजमाप?

विश्रामबाग:
अहो, नीट वाचा. स्टॅकिंगमध्ये त्या दीर्घिकांचा जादा उजेड हवा असतो, तिथे कडं बरोबरच आहे. न सुटलेली एकूण पार्श्वभूमी हवी तर कडं चालणार नाही. तिथे डिटेक्टर आरशांच्या केंद्रापासून बाजूला सरकवून घेतलेली विदा लागते. त्यात फक्त अवकाशातल्या विद्युतभारित कणांचा मारा असतो. ९ ते १२ केईव्हीत आरसे जवळपास काहीच परावर्तित करत नाहीत, म्हणून त्या पट्ट्यातली नोंद दोन्हीकडे जुळेल असा गुणक लावायचा आणि मग वजाबाकी.

कृष्णाकाठ:
बरं, 'ताऱ्यांचा' काढून 'कृष्णविवरांचा' करतो, 'सिद्ध' ऐवजी '८ केईव्हीपर्यंत बराचसा' लिहितो. पण तुमच्या गुणकालाही अट आहे, ती सांगा. कणांचा मारा सौरचक्राबरोबर कमीजास्त होतो; त्यांच्या वर्णपटाचा आकार टिकतो म्हणून गुणक चालतो. बाजूला सरकवलेली विदा निरीक्षणाच्याच काळातली नसेल तर तो आकारही जरा हलतो, आणि उरलेला उजेड इतका थोडा असतो की तेवढ्यानेही उत्तर बिघडतं.

विश्रामबाग:
मान्य. काळ जुळवूनच घ्यायचा.