मदत हवी आहे: इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ कधी बाद झाला, हे कुठे बघायचं?

१६११च्या किंग जेम्स बायबलमधल्या उताऱ्यांवर मराठीत टिपा लिहितेय. अनोळखी शब्द कोशात सापडतात, फसवतात ते ओळखीचे. तिथे 'प्रिव्हेंट' म्हणजे आधी पोचणं आणि 'लेट' म्हणजे चक्क अडवणं! (आपल्या पासपोर्टवरच्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'मधला 'लेट' हाच.)

जॉन्सनचा १७५५चा कोश पाहिला. उदाहरणं भरपूर, पण साल नाही. १९१३चा वेबस्टर नुसतं 'ऑब्सोलीट' म्हणून मोकळा होतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सालवार उदाहरणं असतात, पण त्याची वर्गणी परवडत नाही आणि जवळच्या वाचनालयात तो नाही. स्कॅन केलेली पीडीएफही चालेल.

व्युत्पत्ती नकोय. एखादा अर्थ साधारण कधी वापरातून गेला, एवढं सांगणारा फुकट कोश कोणता?